आजोबा कीर्तनकार होते

मुंबई,
४ सप्टेंबर २०२५

प्रिय बाय,

कागदावरचं पत्र बघून घाबरू नकोस, कुणाला काही झालेलं नाही. मोबाइलवर लिहिलेल्या शब्दाचा कुणीतरी फोटो काढतं आणि तो गावभर फिरतो, हे मी रोज बातम्यांत सांगते. म्हणून हे टपालाने. वाचून झालं की तुझ्याकडेच ठेव. प्रिन्सच्या हाती तर मुळीच देऊ नकोस.

त्या ऑनलाइन ज्ञानकोशात माझं एक पान आहे. 'अक्षया सामंत, मराठी वृत्तनिवेदिका.' ते मी केलेलं नाही. तिथे कुणीही लिहितं, कुणीही खोडतं. त्या पानावर कित्येक वर्षं एक वाक्य होतं : 'अक्षया यांचे आजोबा कोकणातील नामवंत कीर्तनकार होते व स्पष्ट वाणीचा वारसा त्यांना आजोबांकडून लाभला.' तू हसशील. मीही हसले होते. मी वाहिनीत नवीन असताना आमचे तेव्हाचे संपादक हरिश्चंद्र दळवी यांनी एका वर्तमानपत्राच्या दिवाळी पुरवणीत आम्हा सगळ्यांची माहिती आपल्या मनानेच लिहून टाकली. 'फ्लाव्हिया म्हटलं की लोक बातमी सोडून नावच ऐकत बसतील,' असं म्हणून त्यांनीच माझं अक्षया केलं. सामंत तर गुरुप्रसादशी लग्न झाल्यामुळे होतंच. मग त्या अक्षयाला शोभतील असे आजोबाही त्यांनीच दिले. कुणाचं काही बिघडत नव्हतं, म्हणून मी ते सोडून दिलं.

आता गेल्या महिन्यापासून कुणीतरी ते वाक्य खोडतंय. 'सृष्टी' नावाची कुणी सदस्य ते परत घालते, हा माणूस परत खोडतो. खोडणाऱ्याचं नाव मी दोनदा वाचलं. 'खाडीकाठ.' अख्ख्या देवबागात प्रिन्सच्या होमस्टेची पाटी सोडली तर हे नाव दुसरीकडे कुठे आहे का, सांग.

आमच्याकडे नवीन मालक आलेत. रात्री नऊचं बुलेटिन माझ्याकडेच राहणार की दुसऱ्या कुणाकडे जाणार ते ठरायचंय. आणि बाहेर काय चाललंय ते तू बघतेसच, रोज कुणाचं ना कुणाचं आडनाव, कुणाचा ना कुणाचा देव उकरून काढतात. आज आजोबा खोडलेत. उद्या लिहितील, 'हिचं खरं नाव वेगळंच आहे.' प्रिन्सला पाहुणे हवेत, हे मला कळतं. टीव्हीवरची बहीण असली तर दोन खोल्या जास्त भरतील. पण माझ्या पोटावर पाय देऊन?

तू जाऊन बघून ये. मी सांगितलं असं मात्र म्हणू नकोस.

तुझी,
फ्लावी


मालवण,
१५ सप्टेंबर २०२५

प्रिय फ्लावी,

पत्र मिळालं. शाळेच्या पत्त्यावर का पाठवलंस? शिपायाने स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर आणून दिलं आणि 'टीचरांका कोणाचा पत्र इला?' म्हणून दिवसभर चौकशी. लपवायचंय तर नीट तरी लपव.

तू सांगितलंस ते पान मी वाचलं, त्याच्यामागचा सगळा इतिहासही बघितला. मुलांचे पेपर तपासते तसा. खाडीकाठने तुझ्या पानावर नाव घातलेलं नाही, गाव घातलेलं नाही, चर्चचा उल्लेख नाही. फक्त ते एक वाक्य काढलंय. जाहिरात करायची असती तर प्रिन्सने पहिल्याच ओळीत 'देवबागची कन्या' लिहिलं असतं आणि खाली फोन नंबर दिला असता. तुझा भाऊ आहे तो, त्याला मी तुझ्याहून जास्त बघते. तो रागावतो, पण लपूनछपून काही करत नाही.

आता माझा प्रश्न. ही सृष्टी कोण? खाडीकाठने वाक्य खोडलं की तासाभरात ही ते परत घालते. तुझ्या पानाची इतकी काळजी तुझ्याशिवाय कुणाला असणार? खरं सांग, ती तूच ना? असशील तर मला प्रिन्सच्या मागे हेर म्हणून कशाला पाठवतेस?

आणि एक. ते वाक्य वाचून मी हसले नाही. पप्पांनी आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलं. माजघरात बसवून तुझ्याकडून 'चमचा' आणि 'चार' यांतले दोन च शंभरदा म्हणवून घेतले. ते अजून प्रिन्सच्या पडवीत बसून रोज नऊ वाजता तुझं बुलेटिन ऐकतात आणि एखादा उच्चार चुकला की गुडघ्यावर टिचकी मारतात. हे सगळं एका कीर्तनकाराच्या नावावर गेलं आणि तू म्हणतेस, कुणाचं काही बिघडलं नाही.

रविवारी चर्चमधल्या मासनंतर पाऊस नसला तर देवबागला जाऊन येईन.

इमेल्डा


मुंबई,
२८ सप्टेंबर २०२५

प्रिय बाय,

सृष्टी मी नाही. मेरीमायची शपथ. मला तिथे लिहिता येतं की नाही हेसुद्धा ठाऊक नव्हतं. ही कुणी नागपूरकडची ग्रंथपाल आहे, शेकडो पानांवर अशीच पहारा देत बसते. तुझा माझ्यावर विश्वास नाही, हे मात्र कळलं.

तुझी वाट बघवली नाही. मीच प्रिन्सला फोन केला. आधी इकडचं तिकडचं बोलले, पावसाचं, बोटींचं. मग विचारलं, "काय रे, माझ्या पानावर काय खाडाखोड करतोस?"

"खंयच्या पानार?"

"उगाच वेड पांघरू नको. तुझ्याच होमस्टेच्या नावाने चाललंय सगळं."

"फ्लावी, तू काय बोलतस तां माका कळणा नाय."

मग मीही बोलले. धंद्यासाठी बहिणीला विकू नको, असं म्हणाले. त्यावर तो एवढंच म्हणाला, "माझ्याकडे इतके पावणे येतत. टीव्ही लावतत, तू दिसतस. आजपावत एकाक पण मी सांगूक नाय की ही माझी भैन. तुका त्रास नको म्हणान." आणि फोन ठेवला. त्यानंतर उचलतच नाही.

तू म्हणशील, बघ, म्हणजे तो नाही. पण बाय, मी रोज मंत्र्यांच्या मुलाखती घेते. इतकं चांगलं बोलणारा माणूस बघितला की मला जास्त संशय येतो.

आणि प्रकरण वाढलंय. त्या पानाला जोडून एक चर्चेचं पान असतं, तिथे दोघांची जुंपलीय. मी जसंच्या तसं उतरवते :

खाडीकाठ : सदर विधान असत्य आहे. कृपया वगळावे.
सृष्टी : विधानाला दिवाळी पुरवणीचा संदर्भ आहे. आपल्याकडे असत्य असल्याचा संदर्भ आहे का?
खाडीकाठ : मी या कुटुंबास जवळून ओळखतो.
सृष्टी : ओळख हा संदर्भ होत नाही. प्रकाशित मजकूर द्या.
खाडीकाठ : छापलेले ते सर्व खरे असते काय?
सृष्टी : नसते. पण न छापलेले इथे चालत नाही.

'कुटुंबास जवळून ओळखतो' वाचल्यापासून माझी झोप उडालीय. ही धमकीच नाही का? आणखी एक विचित्र गोष्ट. हा माणूस जाता जाता पानावरच्या वेलांट्याही नीट करतो. 'दिर्घ'चं 'दीर्घ' केलंय, 'निवेदीका'चं 'निवेदिका'. आमच्या ऑफिसातली सलोनी ही ऑनलाइनची सगळी बाजू बघते. ती म्हणाली, आधी बारीकसारीक दुरुस्त्या करून विश्वास कमवायचा आणि मग घाव घालायचा, ही अशा लोकांची रीतच असते. सलोनीला मी का विचारलं, असं आता वाटतंय. तीही नऊच्या बुलेटिनकडे डोळे लावून बसलीय.

तू देवबागला गेलीस का? काय पाहिलंस?

फ्लावी


मालवण,
१० ऑक्टोबर २०२५

प्रिय फ्लावी,

गेले होते. प्रिन्स नाही. मी हे खात्रीने सांगते आणि यापुढे तू मला काही विचारू नयेस.

तुझा फोन आला तेव्हा प्रिन्स एका खोलीचं छप्पर शाकारत होता. त्याची बायको सलोमी म्हणाली, फोन ठेवून तो खाली उतरला, हातपाय धुतले आणि टीव्हीची तारच उपटून टाकली. मी गेले तेव्हा माझ्याशीही धड बोलला नाही. मी काही म्हणायच्या आत म्हणाला, "तुका तिनाच धाडल्यान ना, बगूक?" खोटं बोलवेना. मी मान खाली घातली. इतकी वर्षं त्याच्या घरी जातेय, पहिल्यांदाच त्याने मला चहा विचारला नाही. सलोमीने गुपचूप आणून दिला.

पप्पा बरे आहेत. पडवीत बसलेले असतात. प्रिन्सने पाहुण्यांच्या बुकिंगसाठी घेतलेला जुना टॅब आता त्यांच्याकडेच असतो, बातम्या वाचतात. मोतीबिंदू काढल्यापासून नजर चांगली झालीय.

फ्लावी, मी तुझी मोठी बहीण म्हणून सांगते, ते वाक्य जाऊ दे. तूच त्या सृष्टीला कळव की ते चुकीचं आहे, काढा. कुणी काढलं, का काढलं, याच्या मागे लागू नकोस. काही गोष्टी शोधून काढण्यात शहाणपण नसतं.

शाळेत सहामाही चालू आहे. जास्त लिहीत नाही.

इमेल्डा


मुंबई,
२४ ऑक्टोबर २०२५

इमेल्डा,

मी लहान नाही. 'प्रिन्स नाही, आणखी विचारू नकोस' याचा अर्थ तुला माहीत आहे कोण ते. तू बघितलंस, आणि माझ्यापासून लपवतेस. म्हणजे तुम्ही सगळे तिकडे एक आणि मी एकटी इकडे. आईच्या मागे तू तरी माझी राहशील असं वाटलं होतं.

वाक्य चुकीचं आहे हे मी कळवू म्हणतेस. म्हणजे पुरवणीत छापलेलं खोटं होतं, हे मीच जगाला सांगायचं? लगेच प्रश्न येईल, मग खरं काय? आजोबा कोण? घराणं कोणतं? मग माझं नाव. त्या एका वाक्यामागे मी उभी आहे, बाय. ते पडलं की मागचं सगळं दिसेल.

म्हणून जे करायला हवं होतं ते मी केलं. ज्ञानकोश सांभाळणाऱ्या प्रचालकांकडे रीतसर तक्रार दिली. हा सदस्य एकाच पानाच्या मागे लागलाय, एका जिवंत व्यक्तीच्या कुटुंबाबद्दल संदर्भ नसताना लिहितोय, हेतू स्वच्छ दिसत नाही. सलोनीने मसुदा करून दिला. काल उत्तर आलं. खाडीकाठला अनिश्चित काळासाठी प्रतिबंधित केलंय. आता त्याला तिथे एक अक्षरही लिहिता येणार नाही.

बऱ्याच दिवसांनी शांत झोप लागली. तू लपवतेस त्या माणसाला हे सांगायचं असेल तर सांग.

फ्लाव्हिया


मालवण,
३ नोव्हेंबर २०२५

फ्लाव्हिया,

तू पप्पांना प्रतिबंधित केलंस.

मी गेले त्या दिवशी ते पडवीत टॅब घेऊन बसले होते. मी मागून गेले तेव्हा तुझंच पान उघडं होतं. मला बघून त्यांनी टॅब उपडा ठेवला, शाळेतलं पोर चिठ्ठी लपवतं तसा. म्हणाले, "फ्लावीक सांगू नको. तां माझा मी निस्तरतंय." त्यांनी शब्द घेतला म्हणून गप्प राहिले. खातं होमस्टेच्या नावाचंच निघालं, कारण टॅबवर तेच होतं. प्रिन्सला याचा पत्ताही नव्हता.

दोन दिवसांपूर्वी मी गेले तर त्यांनी टॅब माझ्यासमोर धरला. "ह्यां काय लिवलेलां आसा, वाच बघया. माका वाचूक येता, पण तुझ्या तोंडान आयकतंय." मी वाचलं. अनिश्चित काळासाठी प्रतिबंधित. कारण, संशयास्पद हेतू. त्यांनी विचारलं, "तक्रार कोणी केल्यान?" मी सांगितलं. मला लपवायचा कंटाळा आलाय.

मला वाटतं, त्यांना फक्त आपलं श्रेय हवं होतं, तेही मागून नव्हे. ज्या माणसाने तुला बोलायला शिकवलं त्याला खोटं पुसावंसं वाटलं तर त्यात संशयास्पद काय?

रात्रीचं बुलेटिन ते आता ऐकत नाहीत. प्रिन्सने टीव्हीची तार परत जोडून दिली, तरी लावत नाहीत. म्हणाले, फ्लावीला मी स्वतः लिहीन.

तू मला काही लिहू नकोस इतक्यात.

इमेल्डा


देवबाग,
९ नोव्हेंबर २०२५

चि. फ्लाव्हिया हिस,
अनेक आशीर्वाद.

इमेल्डाने तुला लिहिले असे तिने सांगितले. माझ्या वागण्याचा तिने लावलेला अर्थ बरोबर नाही. तुझाही नाही. म्हणून हे लिहिणे.

तू अक्षया झालीस त्याचे मला कधी वाईट वाटले नाही. नाटकातली माणसे दुसरे नाव घेऊन उभी राहतात, काम चोख करतात, घरी आल्यावर तोंड धुतात. तुझे काम चोख आहे. शिकवण्याचे श्रेय म्हणशील तर शिक्षकाला पगार मिळतो. ते वाक्य खोडले ते माझ्यासाठी नव्हे. तुझ्या आजोबांसाठी.

तू त्यांना पाहिले नाहीस. तुझ्या जन्माआधीच ते गेले. घरात मी त्यांच्याविषयी फार बोललो नाही, ती माझी सवय. माझे वडील इनास लोबो माडावर चढत. गावातल्या अर्ध्या माडांचे नारळ त्यांनी उतरवले असतील. अंगाने ताडमाड, स्वभावाने गरीब, आणि बोलताना तोतरे. तोतरे म्हणजे थोडेथोडके नव्हे. एक शब्द बाहेर यायला त्यांना मानेच्या शिरा ताणाव्या लागत. लोक मुद्दाम खालून हाक मारून भाव विचारत. वर माडाला मिठी मारून ते उत्तर देऊ लागले की खाली पोरे जमत.

एका वर्षी जत्रेत दशावतार होता. संकासूर सोंग घेऊन आला आणि लोकांना हसवता हसवता माझ्या बापाची नक्कल करू लागला. कमरेला कोयता, हात माडाला मिठी मारल्यासारखे, आणि "ना-ना-ना-नारळ". सगळा गाव लोळला. मी बापाच्या शेजारी बसलो होतो. मी वर पाहिले तर तेही हसत होते. त्यानंतर ते जत्रेला कधी गेले नाहीत.

ते मला सगळीकडे बरोबर नेत. बाजारात, पोस्टात, तलाठ्याकडे. काय बोलायचे ते घरी मला हळूहळू सांगत. त्याला वेळ लागे, पण घरी कुणी हसत नसे. मग तिथे जाऊन मी बोलायचो. एकही अक्षर गिळायचे नाही, मधे थांबायचे नाही, अशी त्यांची सक्त ताकीद होती. माझ्या तोंडून शब्द साफ आला की ते शेजारी उभे राहून मान हलवीत. मला पुढे शाळेत 'लोबो गुरुजींचे उच्चार' म्हणून नावाजले, ते उच्चार असे आले. तेच तुला दिले.

तेव्हा आजोबांकडून वाणी आली हे एका परीने खरेच आहे. पण त्यांना कीर्तनकार केलेले वाचले आणि मला तो संकासूर आठवला. तुला माहीत नव्हते. लिहिणाऱ्यालाही नव्हते. तरी मला ते सोंग पुन्हा काढल्यासारखे वाटले, आणि या वेळी शेजारी बसून हसायला ते नाहीत.

सृष्टी नावाची ती मुलगी बरोबर आहे. मी पुरावा देऊ शकलो नाही. मी त्यांचा मुलगा आहे हा पुरावा तिथे चालत नाही. नियम म्हणून मला तो पटतो. तुला एवढीच विनंती की ते वाक्य काढता आले तर काढ. त्याच्या जागी काही लिहू नये. जागा कोरी राहिली तरी चालेल.

प्रिन्सचा मात्र काही दोष नव्हता. त्याला विचारायच्या आधी तू ठरवलेस.

तुझा,
बाप्तिस्त


मुंबई,
३० नोव्हेंबर २०२५

प्रिय बाय,

लिहू नको म्हणाली होतीस, तरी लिहितेय.

पप्पांचं पत्र आलं तेव्हा मी मेकअप करून बुलेटिनला बसणार होते. गाडीत वाचायचं म्हणून पिशवीत टाकलं होतं, पण लिफाफ्यावरचं अक्षर बघून थांबवेना. वाचलं. मग मेकअप करणाऱ्या बाईने सगळं पुसून परत मेकअप केला आणि मी बातम्या वाचल्या. काय वाचलं ते आता आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी त्या चर्चेच्या पानावर मी माझ्या खऱ्या नावाने लिहिलं, की मी स्वतः हीच व्यक्ती आहे आणि हे वाक्य खोटं आहे. सृष्टीचं उत्तर आलं : आपण तीच व्यक्ती कशावरून? आणि असलात तरी प्रकाशित संदर्भ हवा. मी कपाळावर हात मारला. बापाचं चालेना, माझंही चालेना. चालतं ते फक्त दळवींनी रचलेलं. पण मग कळलं, ती बाई मला वाटच दाखवत होती. न छापलेलं चालत नसेल तर छापून आणायचं.

कणकवलीचं एक साप्ताहिक दर वर्षी मुलाखत मागायचं, मी दर वर्षी टाळायचे. या वेळी मीच फोन केला. सांगितलं, माझं नाव फ्लाव्हिया, वडील बाप्तिस्त लोबो, गाव देवबाग. आजोबा कीर्तनकार नव्हते. माडावर चढायचे आणि तोतरे होते. त्यांच्या जागी बोलता यावं म्हणून त्यांनी माझ्या वडिलांना स्वच्छ बोलायला शिकवलं, वडिलांनी मला. पप्पांनी जागा कोरी ठेव म्हटलं होतं. ते मी ऐकलं नाही. त्यांना विचारलंही नाही. विचारलं असतं तर ते नको म्हणाले असते, आणि मला ते सांगायचं होतं. ते रागावले असतील तर मला कळव.

मुलाखत छापून आली. सृष्टीने त्याच दिवशी वाक्य बदललं, खाली संदर्भ लावला. खाडीकाठवरचा प्रतिबंध उठवावा म्हणून मी अर्ज केला, तोही मान्य झाला.

नऊचं बुलेटिन सलोनीला मिळालं. मला सकाळचं सहाचं. मालकांच्या माणसाने बोलावून सांगितलं, "तुम्हाला कुणी विचारलं नव्हतं, मॅडम." हे मुलाखतीमुळे झालं, की आधीच ठरलं होतं, आणि तो तक्रारीचा मसुदा सलोनीने इतक्या आनंदाने का करून दिला, हे कळायला मार्ग नाही. शोधणारही नाही. माझ्या संशयाने काय काय केलं ते बघितलं मी. लोकांचे निरोप येतात, काही वाचवत नाहीत असे. गुरुप्रसाद ते माझ्याआधी वाचून पुसून टाकतो. त्याला वाटतं, मला कळत नाही.

प्रिन्स अजून फोन घेत नाही. त्याला वेगळं पत्र टाकलंय. नाताळला येतेय, असं लिहिलंय. त्याने नको म्हटलं तर तुझ्याकडे उतरेन. तूही नको म्हटलंस तर मालवणात लॉज खूप आहेत.

फ्लावी


देवबाग,
१४ डिसेंबर २०२५

फ्लावी,

मी पत्र लिवणारो न्हय. सलोमी बसवन लिवन घेता, म्हणान लिवतंय. शुद्धलेखन बगू नको, तां पप्पांका ठेव.

तुझा पत्र गावला. माफी मागलंस ती वाचलंय. माका अजून राग आसा. एका पत्रान जावचो नाय, येळ लागतलो. तू माका इचारूक व्हया होतां. नुसता इचारलं असतंस तरी मी सांगलं असतंय, माका म्हायत नाय म्हणान.

तो पेपर इमेल्डाबाय घेवन इली आणि पडवीत मोठ्यान वाचल्यान. आजोबांचा वाचता वाचता तीच अडाकली. पप्पा म्हणाले, "थांबू नको. अक्षर गिळू नको." सगळा आयकल्यानी. मगे उठले, माझ्याबरोबर मागल्या परड्यात इले आणि जुनो माड दाखवन म्हणाले, "हेच्यार चढत तो." आजपावत माका कधी सांगूक नाय होते. रागावले काय तां माका कळाक नाय. पण रातचे जेवताना आजोबांच्या गजाली सांगीत बसले, आमका झोपाक दिल्यानी नाय.

तेंचा खाता परत चालू झाला. आता तेंचा आणि त्या सृष्टीचा धामापूरच्या तळ्याच्या पानावयना भांडाण चल्लाहा. ती पुरावो मागता, हे रागान टॅब आपटतत, आणि दुसऱ्या दिसा परत बसतत. सकाळी सहाक मात्र टीव्ही लावतत. सगळ्या पावण्यांची झोपमोड.

नाताळाक येतंय म्हणान लिवलंस. ये. लॉजार गेलंस तर बगच. पण तुका खोली गावाची नाय. खोलयो पावण्यांका आसत, सगळ्यो भरल्यो. तू पप्पांच्या खोलयेत भुंयर हातरूण घालून पड, पयल्यासारी.

पावण्यांका मी अजून काय सांगूक नाय. सकाळी टीव्हीर दिसणारी बाय चुलीकडे बसान खोबरा किसताना दिसली काय ते इचारतले, ही कोण म्हणान. तेंका काय सांगूचा तां तू येवन तूच सांग.

प्रिन्स